रुग्णाईत मुलासाठी सावड

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावचे मूल पुण्याच्या इस्पितळात दाखल झाल्याची वार्ता आली, म्हणजे भावकी, शेजारी आणि तालमीतली पोरे मिळेल त्या वाहनाने भेटीस धावतात, वर्गणी काढतात आणि रक्त लागले तर बाह्या सरसावून उभी राहतात. या माणुसकीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ही सारी कळकळ बहुधा पहिल्या पंधरवड्यातच खर्ची पडते, आणि ज्या व्याधीशी पुढे सारा जन्म झगडावयाचे असते तिने ग्रासलेल्या मुलाच्या वाट्याला नंतरच्या महिन्यांत केवळ एकाकीपण उरते.

क्रोन्स ही अशीच व्याधी आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शरीराची संरक्षक शक्तीच यात आतड्यावर उलटते. मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, परंतु विशेषतः लहान आतड्याच्या अखेरीस, सूज येते, व्रण पडतात, आणि वारंवार भरणाऱ्या त्या व्रणांनी आतडे आकसून गेले म्हणजे अन्न पुढे सरकत नाही, पोट तटतटते, उलट्या होतात. कधी आतड्यास छिद्र पडते, कधी पू साठतो, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. मिसरूड फुटण्याच्या वयात हा रोग जडला तर वजन घटते, उंची खुंटते, वयात येणे लांबणीवर पडते. तो संसर्गाने पसरत नाही आणि आईच्या हातच्या कोणत्या पदार्थाने उद्भवत नाही, ही गोष्ट प्रत्येक भेटकऱ्याने घरूनच पक्की करून निघावी.

निदानास आपल्याकडे विलंब लागतो, यास सबळ कारण आहे. आतड्याचा क्षय नेमका त्याच जागी ठाण मांडतो, तसाच ताप आणि तशीच पोटदुखी देतो; दुर्बिणीने तपासून आतड्याचा तुकडा प्रयोगशाळेत धाडला तरी निर्णय होतोच असे नाही. क्रोन्सची बहुतेक प्रभावी औषधे प्रतिकारशक्ती दाबून टाकणारी असल्यामुळे, क्षय असताना ती दिली तर अनर्थ ओढवेल, या भीतीने कित्येकदा क्षयाचीच औषधे आधी देऊन पाहावी लागतात. या सावधगिरीबद्दल डॉक्टरांस बोल लावणे अन्यायाचे होईल. मात्र क्षय म्हणून नोंद होते तेव्हा औषधे विनामूल्य मिळतात, निक्षय पोषण योजनेखाली दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात आणि गावातली आशाताई चौकशीस येते. पुढे रोगाचे खरे नाव कळते, तेव्हा ही मदत बंद होते आणि त्याच कुटुंबाच्या पाठीशी असा दुसरा कोणताही कार्यक्रम उभा राहत नाही. रोग अधिक दीर्घ, औषध अधिक महाग, आणि आधार मात्र कमी, ही विसंगती शासनाच्या नजरेस आणून देणे हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे.

आता त्या खाटेपाशी जाऊ. पंधरा वर्षांचा मुलगा, दिसण्यात जेमतेम बाराचा. नाकातून पोटात उतरवलेली बारीक नळी, कारण या वयात सहा ते आठ आठवडे केवळ द्रवान्नावर ठेवून आतड्यास विसावा देणे हाही एक मान्यताप्राप्त इलाज आहे. स्टेरॉइडने सुजलेले गाल. आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास पोटावर लावलेली, शौच साठवणारी पिशवी, जी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून छातीपर्यंत ओढून घेतलेली चादर. अशा मुलासमोर दहा माणसे उभी राहून त्याच्या आईला “दिवसातून किती वेळा जावं लागतं?” असे विचारतात, तेव्हा त्याची व्यथा हलकी होत नाही, त्याची लाज सर्वांसमक्ष उघडी पडते. म्हणून भेटीस एका वेळी दोघांनीच जावे, बोलायचे ते त्या मुलाशीच बोलावे, आणि रोगाची चर्चा काढण्याची मुभा त्याच्याकडेच ठेवावी. डॉक्टरांनीही निर्णय बापाच्या कानात न सांगता मुलाला समजेल अशा भाषेत सांगावा, कारण पुढे औषधाची वेळ त्यालाच पाळावयाची आहे. मुलगी असेल तर लग्नाच्या धास्तीने आजार लपवण्याकडे घराचा कल होतो. त्या दडपणाचा भार तिच्या दुखण्याहून कमी नसतो.

जुन्नरची द्राक्षे, नारायणगावचे टोमॅटो, डाळिंबे घेऊन येणाऱ्यांनी थोडे थांबावे: आकसलेल्या आतड्यात फळांच्या साली आणि बिया अडकू शकतात. भीमाशंकरच्या बाजूचा बाळहिरडा हे आपल्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी बांधवांचे उपजीविकेचे साधन, आणि पोटाच्या तक्रारीवर तो घराघरांत विश्वासाने दिला जातो. परंतु आतडे अडले असताना रेचक देणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही देऊ नये.

खरी मदत निराळीच आहे, आणि ती कशी करावी हे या मुलखाला शिकवण्याची गरज नाही. भाताच्या आवणीला आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी सावड घालणारी माणसे आपण. तीच सावड आजारी मुलाच्या घरासाठी वर्षभर घालावी. बाप पुण्यात असताना जनावरांची धार कोण काढील, कांदा बाजारात कोण नेईल, मागे राहिलेल्या धाकट्या बहिणीला शाळेत कोण पोहोचवील, याची वाटणी भावकीने बसून करावी. इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध शिरेतून द्यावयाचे झाले तर आरंभीच्या मात्रांनंतर सामान्यतः दर आठ आठवड्यांनी इस्पितळ गाठावे लागते; त्या प्रत्येक खेपेला सोबतीस कोण जाईल, हे आधीच ठरलेले असावे.

शाळेनेही आपला वाटा उचलावा. दहावीच्या वर्षी हजेरीसाठी तगादा न लावता अभ्यास घरपोच द्यावा, वर्गात न विचारता शौचास जाण्याची मुभा द्यावी, मार्चची परीक्षा हुकली तर पुरवणी परीक्षेची वाट दाखवावी. वर्ष वाया गेले, हा शब्दप्रयोग शिक्षकांनी तरी उच्चारू नये.

राहता राहिली कचेरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे इस्पितळातील आरोग्यमित्र सांगू शकतो. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवण्याचे बंधन आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या तहसील कचेरीतून मिळवताना खाटेजवळच्या बापाला दोन दिवस गमवावे लागतात. गावच्या तलाठ्याने आणि ग्रामसेवकाने मनावर घेतले तर ही तसदी सहज वाचेल. याहून मोठी मागणी अशी, की मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस पोटविकारतज्ज्ञ बसावा, आणि पुण्यातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून द्यावयाचे औषध तेथेच देण्याची तजवीज व्हावी. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या मुलाला दर दोन महिन्यांनी पुणे गाठावे लागू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

क्रोन्स समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही; परंतु योग्य उपचारांनी तो वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो, आणि अशी मुले शिकतात, नोकरी-शेती करतात, संसार थाटतात. त्यासाठी औषधाइतकेच सातत्य माणसांच्या आधारातही हवे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने मंचरचा प्रश्न पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावात असे एखादे मूल आहे काय, याची त्याच्या घरच्यांच्या संमतीने चौकशी करावी.