केंद्रात ठेवलं, तरी जबाबदारी आपलीच

स्मृतिभ्रंश झालेल्या अम्मीला केंद्रात ठेवणं म्हणजे गुनाह, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. रात्री-अपरात्री घराबाहेर पडणाऱ्या वृद्धेला एकटी सून किती सांभाळणार? पण ठेवून निर्धास्त होणं चूक आहे. रात्री किती माणसं असतात, झोपेची औषधं कुणाच्या सल्ल्याने देतात, बांधून ठेवतात का, हे विचारा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेला केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. मग वृद्धाश्रमाला ती मुभा का? न कळवता भेटायला जा. आईवडिलांशी अदबीने बोला, ही कुरआनची शिकवण. जिला तक्रारही सांगता येत नाही, तिच्या वतीने बोलणं हीसुद्धा अदबच.