खाण कुठे संपते?

१६ जानेवारी २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या गुरुपल्लीजवळ, सुरजागडच्या खाणीचे लोहखनिज वाहणारा ट्रक आणि एसटी बस यांची टक्कर झाली. बसमधले चार जण गेले. चिडलेल्या लोकांनी रस्त्यावरचे ट्रक पेटवले, वाहतूक थांबली आणि तिच्याबरोबर खाणही. ती पुन्हा सुरू झाली २०२१ मध्ये.

या चार मृत्यूंची नोंद झाली मोटार अपघात म्हणून. कायद्याने तेच बरोबर. खाण म्हणजे खोदकाम, त्याला लागून असलेले आवार, आतले रस्ते, यंत्रे, फार तर शेजारची साइडिंग. फाटकाबाहेर डांबरी सडकेला ट्रकचे चाक लागले की खाण संपली. एटापल्लीचा माणूस मात्र ती सडक खाणीचाच भाग धरून चालतो. हेडरीपासून आलापल्लीपर्यंत आणि पुढे आष्टीपर्यंत ज्याला सायकलवर किंवा दुचाकीवर जावे लागते, त्याला विचारा खाण कुठे संपते ते.

आपल्या मनात खाणीची दुर्घटना म्हटले की बोगदा येतो, आत कोंडलेली माणसे येतात. धनबादजवळ चासनाळ्याच्या कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसले आणि ३७५ कामगार गेले. ‘काला पत्थर’ या चित्रपटामुळे ते चित्र पक्केच बसले. खाण सुरक्षेचा कायदाही अशाच चित्रांतून जन्मला. कोलारच्या सोन्यासाठी जॉन टेलर आणि मंडळी ही ब्रिटिश कंपनी १८८० मध्ये उतरली आणि सोन्याच्या मागे माणसांची रीघ लागली. १८९७ मध्ये तिथे एका अपघातात ५२ खाणकामगार मेले. दोन वर्षांनी बलुचिस्तानात खोस्तच्या कोळसा खाणीत ४७ गेले. तेव्हा कुठे सरकार हलले, १९०१ मध्ये खाण कायदा झाला आणि पुढच्या वर्षी खाण तपासणीचे कार्यालय उघडले. तेच आजचे धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. १९५२ चा सुधारित कायदा आला, तोही आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला. शब्द बदलले, पण मोजणीचा पाया कोलारचाच राहिला : आत गेलेला कामगार मेला तर तो खाणीचा बळी.

सुरजागडला आत जायला बोगदाच नाही. डोंगर वरून खरवडायचा आणि खाली आणायचा. इथल्या खाणीचा निम्मा धंदा वाहतुकीचा आहे. इथल्या लोखंडावरची नजर मात्र जुनी. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता तेव्हा त्यांची पहिली नजर चांदा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) जिल्ह्यावर गेली होती. रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा १८८२ चा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. त्यात चांद्याच्या लोखंडाची, विशेषतः लोहाऱ्याची, वाखाणणी होती. वरोऱ्याला कोळसा होता, रेल्वेही होती. १९०४ मध्ये त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड चांद्याचे जंगल तुडवून गेले. खनिज तुटक तुटक पट्ट्यांत, कोळसा पोलादाच्या कामाचा नाही, असे निघाले. हताश दोराबजींना नागपुरात एका भूगर्भीय नकाशावर दुर्गकडचा गडद ठिपका दिसला, पाय तिकडे वळले आणि शेवटी कारखाना उभा राहिला साकचीला. चांद्याचे जमशेदपूर होता होता राहिले. याची हळहळ वाटणारे लोक चंद्रपुरात अजून भेटतात.

शेजारच्या बस्तरात बैलाडिलाचा डोंगर १९६८ पासून खोदला जातो. तिथे आधी रेल्वे टाकली, किरंदूल ते विशाखापट्टणम. तिथल्या आदिवासींच्या वाट्याला इतर दुःखे पुष्कळ आली, लाल झालेल्या नद्यांसकट. पण सगळा डोंगर गावच्या रस्त्यावरून गेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा, आणि वडसा कुठे, एटापल्ली कुठे! तरीही ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये देऊन झाला, २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले, वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये २ कोटी ६० लाखांवर. अंदाज यावा म्हणून सांगतो : सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अख्ख्या गोव्याला, सगळ्या खाणी मिळून, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली होती. इथे एका डोंगराला त्याहून जास्त.

आता साधे गणित करू. ट्रकमागे २५ टन धरले तर १ कोटी टनांना ४ लाख खेपा लागतात. दिवसाला सुमारे ११०० भरलेले ट्रक जाणार आणि तितकेच रिकामे परतणार. म्हणजे रात्रंदिवस, सणवार धरून, दर ४० सेकंदांना एक. सगळा माल ट्रकनेच न्यायचा तर हा हिशेब. या रस्त्यावरून शाळेची पोरे जातात, बाजाराला निघालेल्या बाया जातात, तेंदूच्या हंगामात पहाटे अंधारात पुडके घेऊन अख्खी कुटुंबे जातात.

जुलै २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. दळलेले खनिज पाण्यात कालवून तिच्यातून जाते. हे चांगले झाले, असे म्हणायला मला संकोच नाही. ते आधी व्हायला हवे होते, एवढेच. नळातून फक्त पीठ जाते, ढेकळे आणि गोटे जात नाहीत, म्हणून ट्रक पूर्ण हटणार नाहीत. आणि दळून धुतलेल्या खनिजामागे गाळ उरतो. गुरुपल्लीनंतर नवव्या दिवशी, २५ जानेवारी २०१९ ला, ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योच्या लोहखाणीचा गाळाचा बांध फुटला. २७० माणसे गेली. बहुतेक कामगार होते, पण खालच्या वस्तीतले रहिवासी होते, एका विश्रामगृहात उतरलेले पाहुणेही होते. २७० च्या आकड्यात तेही आहेत. सगळे खाणीचे बळी.

हा शहाणपणा जगाला फुकट मिळालेला नाही. २१ ऑक्टोबर ही तारीख आपल्या भागात बाबुराव शेडमाके यांच्या बलिदानाची. १८५८ मध्ये त्यांना चांद्यात फाशी दिली गेली. त्याच तारखेला १९६६ साली वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या राडारोड्याचा ढीग पावसाने सुटून खाली आला आणि शाळेवर कोसळला. १४४ मेले, त्यांतली ११६ मुले. आणि ब्रिटनच्या १९५४ च्या खाण कायद्याप्रमाणे हा खाण निरीक्षकांना कळवण्याजोगा अपघातच नव्हता, कारण एकाही खाणकामगाराला इजा झाली नव्हती! चौकशी न्यायाधिकरणाने दोष थेट राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला आणि १९६९ मध्ये ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. ११६ मुले गेल्यावर ब्रिटनला कळले की खाण कुंपणापाशी संपत नाही.

आपल्याकडे ते अजून कळायचे आहे. रस्त्यात माणूस मेला की जबाबदारीचे तुकडे होतात. खनिज एकाचे, ट्रक दुसऱ्याचा, चालक तिसऱ्याचा नोकर, विमा चौथ्याचा. गुन्हा ज्या हद्दीत घडला त्या ठाण्यात. एटापल्ली, अहेरी, मुलचेरा, आष्टी अशी ती कागदे विखुरतात आणि कुणाच्याच टेबलावर एकत्र येत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सुरजागडला ऐंशीच्या आसपास वाहने जाळली. तो आकडा इथे चहाच्या टपरीवरही सांगतात. रस्त्यावर किती माणसे गेली ते विचारा, प्रत्येक जण निराळे सांगतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. ट्रकचालक दारू प्यालेला असू शकतो, दुचाकीस्वाराने हेल्मेट घातलेले नसते, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. मग खाणीला का धरायचे? खाणीने लोकांना कामही दिले आहे, हेडरीत दवाखाना उभा राहिला आहे, हेही खरे. पण मी दोष ठरवायला सांगत नाही, मोजायला सांगतो. दोष न्यायालय ठरवील. आणि मोजणे अवघड मुळीच नाही. खनिजाच्या प्रत्येक ट्रकजवळ वाहतूक परवाना असतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. गाडी कुठून सुटली, किती टन, कुठे जाणार, सगळे त्यावर लिहिलेले. टनावर सरकारचे स्वामित्वधन ठरते, म्हणून टनांचा हिशेब चोख. गुन्ह्याच्या कागदावर टीपीचा क्रमांक टाकायला शाईचा एक थेंब लागेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरजागडच्या उत्पादनवाढीची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, एटापल्लीपासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर. प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ ती घ्यावी असे २००६ ची पर्यावरणीय अधिसूचना सांगते. जिथे माणसे बोलायला पोचू शकत नाहीत तिथे त्यांचे मृत्यू मांडणार कोण?

पैसा मात्र आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जमा होते, आणि ती खाणबाधितांसाठीच आहे. बाधित कोण, हे प्रतिष्ठानाने ठरवायचे असते. खनिजाच्या ट्रकखाली गेलेल्या माणसाचे कुटुंब बाधित नसेल तर कोण बाधित? जिल्हाधिकारी या प्रतिष्ठानाचे प्रमुख. त्यांनी २०१६ पासूनच्या अशा मृत्यूंची ठाणेनिहाय यादी काढावी, ती एटापल्लीच्या तहसील कार्यालयाबाहेर मराठीत आणि माडियात लावावी, आणि पुढच्या प्रत्येक मंजुरीच्या कागदांना जोडावी.

ती यादी निघेपर्यंत ग्रामसभांनी थांबू नये. तारीख, जागा, गाडीचा क्रमांक, माणसाचे नाव, एवढे चार रकाने पुरेत. आपला भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेला; ग्रामसभेच्या ठरावाला इथे वजन आहे. रस्त्याकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या बैठकीत ही नोंदवही सुरू करावी आणि तिची प्रत धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला पाठवावी.