‘छान’च्या पुढचं एक वाक्य



फोटो काढण्याची हौस आता घरोघरी आली आहे. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, धुवायला द्यायचा, तेव्हा कुठे काय उमटलंय ते कळायचं. आता फोन हाताशी असतो, दिवसाला पन्नास फोटो सहज निघतात. साहजिकच चार हौशी मैत्रिणी जमल्या की एकमेकींनी काढलेले फोटो पाहणं आलं, आणि पाहिल्यावर काहीतरी बोलणंही आलंच. नेमकं इथेच आपलं चुकतं. एक तर सरसकट ‘छान, छान’ म्हणायचं, नाहीतर एकदम वर्मी लागेल असं बोलून जायचं.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगते. आम्ही सात-आठजणी महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकीने आपण काढलेले दोन फोटो आणायचे, असा नेम. एका बाईंनी सासूबाईंचा फोटो आणला. परसदारी पायरीवर बसून त्या तांदूळ निवडताहेत. मी पटकन बोलून गेले, “अहो, ही मागची वाळत घातलेली धुणी कशाला घेतलीत फोटोत?” सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. पण पुढचे दोन महिने त्या काही आल्या नाहीत.

मग एकदा भाजीच्या गाडीपाशी गाठ पडली. विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “दोरीवर होतं ते सासूबाईंचंच लुगडं. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण आपलं नऊवारी स्वतः धुतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मला तेच तर दाखवायचं होतं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काय दाखवायचंय, हे मी विचारलंच नव्हतं!

तेव्हापासून मी काही पथ्यं पाळते. तुम्हीही पाळून पाहा.

पहिलं, तोंड उघडण्याआधी अर्धा मिनिट फोटो नुसता पाहा. आपली नजर आधी कुठे गेली, ते सांगा. ‘मला पहिल्यांदा त्यांचे हात दिसले’ या वाक्यात ना स्तुती, ना निंदा. पण जिने फोटो काढला, तिला ते फार उपयोगी पडतं.

दुसरं, विचारा. “तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?” उत्तर ऐकल्याशिवाय दोष काढू नका.

तिसरं, एका वेळी एकच दोष, आणि त्याच्याबरोबर उपाय. ‘चेहरा काळा आलाय’ एवढ्यावर थांबू नका. ‘खिडकी पाठीमागे होती म्हणून काळा आला, पुढच्या वेळी खिडकीकडे तोंड करून बसवा’ असं सांगा. नाक मोठं दिसतंय? फोन अगदी तोंडाजवळ धरला होता. दोन पावलं मागे सरकून काढायला सांगा. संध्याकाळच्या उजेडात फोटो हललाय? उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ प्रकाश घेत राहतो, तेवढ्यात हात हलतो. भिंतीला टेकून, कोपरं अंगाशी धरून काढावा. डोक्यातून नारळाचं झाड उगवल्यासारखं दिसतंय? एक पाऊल बाजूला झालं की झाड बाजूला जातं. आणि सगळंच धुरकट असेल, तर आधी भिंग पुसायला सांगा. स्वयंपाकघरातला तेलाचा हात लागलेला असतो, दुसरं काही नाही!

चौथं, बोलायचं ते फोटोबद्दल, माणसाबद्दल नाही. ‘आमटीत मीठ कमी पडलंय’ हे कुणीही ऐकून घेते; ‘तुला स्वयंपाकच येत नाही’ हे आयुष्यभर सलतं. याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळजणींना असेल, तेव्हा जास्त सांगायला नको.

आणखी एक. फोटो मांडताना नावं झाकून ठेवा. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांनी काढलेले सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते त्यांच्या पतीच्या, माणेकशांच्या नावाने. त्याच होमाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळालं. नाव बाईचं की पुरुषाचं, ओळखीचं की परकं, यावर पाहणाऱ्याची नजर बदलते ती अशी. आपल्या छोट्या बैठकीतही अमकीचा म्हणून कौतुक आणि तमकीचा म्हणून नाक मुरडणं चालतंच की!

आणि कुणी आपल्या फोटोबद्दल बोलत असेल, तर मध्येच ‘अहो, पण त्या वेळी ना...’ करू नका. पुरतं ऐका, घरी जाऊन एकदा तसं करून पाहा. नाही पटलं तर सोडून द्या.

गेल्या आठवड्यात मी त्या बाईंच्या घरी गेले. चुकले म्हणून सांगितलं, आणि तो फोटो पुन्हा मागून घेतला. आता शांतपणे पाहिल्यावर दिसलं की ओसरीच्या खांबाआड लुगडं निम्मं झाकलं गेलंय, म्हणून ते कुणाचंतरी धुणं वाटतं. म्हटलं, “दोन पावलं डावीकडे उभ्या राहिलात, तर लुगडं पुरतं येईल आणि सासूबाईही.” त्यांनी तिथल्या तिथे परसात जाऊन उभं राहून पाहिलं. “अगंबाई, खरंच की!” म्हणाल्या.

हेच वाक्य मला तीन महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. पुढच्या बैठकीला त्या येतात का, त्याची मी वाट पाहतेय.