देव अनेक, भक्ती एकेरी!

अद्भुतरम्य इंग्रजी कादंबऱ्यांच्या कल्पित जगात देव डझनांनी असतात. युद्धाचा, समुद्राचा, मृत्यूचा, चोरांचासुद्धा! परंतु तिथला सामान्य माणूस या देवांशी वागतो कसा, हे पाहू गेले की बहुतेक लेखकांची फजिती होते, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाला एक देव नेमून दिलेला. जन्मभर तो त्याचाच भक्त. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या नंतरच्या आवृत्तीत तर पात्राची माहिती भरताना देवाच्या नावासाठी एक रकानाच आहे. शाळेच्या दाखल्यासारखा!

अनेक देव मानणारा माणूस असा वागत नाही. आपल्याकडे बांधावरच्या म्हसोबाला कोंबडे देणारा शेतकरी काही म्हसोबापंथी नसतो. तोच पंढरीची वारी करतो, त्याच्याच घरी बाळाच्या पाचवीला सटवाई पुजली जाते, आणि कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. यात त्याला विसंगती दिसत नाही. ज्याचे काम त्याच्याकडे. काही देवांकडे तर मागायचे काहीच नसते. त्यांनी आपल्या वाटेला जाऊ नये, एवढ्यासाठीच द्यायचे.

ही शेवटची गोष्ट फ्रिट्झ लायबरने नेमकी ओळखली. त्याच्या 'लीन टाइम्स इन लँकमार' (१९५९) या कथेतल्या शहरात देवांचा एक रस्ताच आहे. नवा देव वेशीपाशी बस्तान मांडतो. भक्त आणि दक्षिणा वाढू लागली की हळूहळू वरच्या अंगाला सरकतो, आणि गर्दी ओसरली की घसरत पुन्हा वेशीकडे. पण हे झाले लँकमारमधले देव. लँकमारचे देव निराळे! त्यांचे काळोखे देऊळ त्याच रस्त्यावर आहे. तिथे कोणी फिरकत नाही, आणि त्यांना कोणी विसरतही नाही. बुवांचे नवे मठ आणि वेशीवरची जुनी ग्रामदेवता ज्याने पाहिली आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही.

जॉर्ज मार्टिनलाही हे थोडेफार साधले आहे. त्याच्या जगातले पुरोहित सांगतात, सात देव हे एकाच देवाचे सात पैलू. लोकांना त्याशी काय कर्तव्य? मूल आजारी तर मातेपुढे मेणबत्ती, लेक लढाईवर तर योद्ध्यापुढे. 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' (१९९८) मध्ये एका खेड्यातले देऊळ आहे. मूर्ती करवायला पैसा नाही, म्हणून भिंतींवर कोळशाने ओबडधोबड चेहरे काढलेले. अख्ख्या कादंबरीतल्या राजवाड्यांपेक्षा मला ते देऊळ खरे वाटते.

पण तिथेही प्रार्थना करते ती सरदारघराण्यातली स्त्री. खेडुतांचे काय? आपण अभ्यासकही 'अडाणी श्रद्धा' म्हणून त्यांच्यावरून पुढे जातो. मला अशी कादंबरी हवी आहे, जिच्यात राजांच्या लढाया दूर कुठेतरी चालू असतील, आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई, कोणत्या देवाचे काय द्यायचे राहिले, हे बोटांवर मोजत असेल.