एका रात्रीत जोडला पाइप!

स्वयंपाकघरात नवा मिक्सर आणला, की आधी पाहायचं ते त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसते का! कॉम्प्युटरचंही तसंच. नवा प्रोग्राम कितीही हुशार असो, घरातल्या जुन्या मंडळींशी त्याचं जुळलं नाही तर तो पडून राहतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम उभारायला घेतली. तिथं काम करून घ्यायचं म्हणजे हुकूम टाइप करायचा. एक हुकूम यादी अकारविल्हे लावणार, दुसरा शब्द मोजणार. पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं, तर ते आधी फाइलमध्ये साठवा, मग तिथून उचला!

विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांना हे खटकायचं. बागेतल्या रबरी नळीला जसा तुकडा जोडतो, तसे प्रोग्राम जोडता यावेत, असं त्यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांनी सतत लकडा लावला आणि अखेर एका रात्री थॉम्प्सन यांनी पाइपची सोय करून टाकली. पण जुने हुकूम फाइलचं नाव दिल्याशिवाय हलायला तयार नव्हते. थॉम्प्सन यांनी त्याच रात्री तेही बदलले. फाइल नसेल तर पाइपमधून येईल ते घ्या आणि पुढं सोडा! १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये पाइप दाखल झाला.

तेव्हापासून नव्या हुकुमाला एक शिस्त लागली. कामापुरतंच बोलायचं. ‘नमस्कार, आता यादी लावतो’ अशी बडबड पाइपमधून पुढं गेली, तर पुढचा प्रोग्राम तिलाही यादीच समजणार ना!

घोळ झाला तो तक्रारींचा. काही बिघडलं, तर तक्रारही पाइपमधूनच वाहत जाई. फोटोटाइपसेटिंग मशीनमधून मजकुराऐवजी सुबक टायपात एकच ओळ बाहेर पडे... अमुक फाइल उघडता आली नाही! शेवटी तक्रारींसाठी वेगळी वाट काढावी लागली. मला विचाराल, तर पाइपइतकीच ही वाटही मोलाची.

आज लिनक्सवर किंवा मॅकवर नवा हुकूम लिहिणाऱ्याला येण्याची, जाण्याची आणि तक्रारीची अशा तिन्ही वाटा आयत्या मिळतात. तुमच्या कीबोर्डवर एक उभी रेघ आहे पाहा, क्वचितच कुणी दाबत असेल. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीपासून पाइपची खूण तीच!