सात की साठ?

आरोग्याच्या सदरात रेडिओचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण मोठ्या संकटात रुग्णाचे प्राण जसे औषधावर, तसेच वेळेवर आणि बिनचूक पोचलेल्या निरोपावरही अवलंबून असतात.

30 जुलै 2014 रोजी आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेर कळले ते त्या रस्त्याने गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्यानंतर मोबाइलचे मनोरे वाढले, हे खरे. पण वीज गेली, मनोऱ्याची बॅटरी उतरली किंवा सगळ्यांनी एकदमच फोन लावले, की हातातला फोन असून नसल्यासारखा.

अशा वेळी उपयोगी पडतात ते हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम'. केंद्र सरकारची परीक्षा देऊन ते परवाना घेतात आणि स्वखर्चाने यंत्र बाळगतात. मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्यांचे काम चालते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्या गेल्या होत्या छंदासाठी. पण छंद बाजूला ठेवून त्यांनी अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळवली. 2001 च्या भूज भूकंपातही हॅम मंडळींनी असेच काम केले होते.

मात्र यंत्र आले म्हणजे काम झाले असे नाही. हातातल्या लहान संचाच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. आमच्या बेल्ह्याच्या मोकळ्या माळावर जे ऐकू येईल, ते पश्चिमेच्या घाटातल्या वाडीत येणार नाही. तिथे उंचावर मधला माणूस बसवावा लागतो, किंवा आकाशातल्या थरावरून परत खाली येणाऱ्या लघुलहरी वापराव्या लागतात. कोणत्या वाडीतून काय ऐकू येते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट निरोपाची. 'खूप जखमी आहेत, लवकर या' या निरोपाचा डॉक्टरला फारसा उपयोग नाही. ठिकाण कोणते, गंभीर किती, चालू शकणारे किती, इजा कशा प्रकारच्या आणि काय हवे, एवढे तरी हवेच. ढिगाऱ्याखाली माणूस किती वेळ दबला आहे, ही एक ओळसुद्धा जीव वाचवू शकते. दबलेल्या स्नायूंतले पोटॅशियम, माणूस मोकळा होताच, रक्तात उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून शक्य तिथे बाहेर काढण्याआधीच सलाइन सुरू करावे लागते. हे आधी कळले तर डॉक्टर आणि सलाइन ढिगाऱ्यापाशी जाईल. नाहीतर दोन्ही दवाखान्यात वाट पाहत बसतील.

आकड्यांचे तर विचारूच नका. खरखरीत आवाजात 'सात' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात. साठ बाटल्यांऐवजी सात आल्या तर? म्हणून आकडा 'सहा, शून्य' असा सुटा सांगावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. शिवाय हे बोलणे कोणीही ऐकू शकतो, तेव्हा रुग्णाचे नाव न घेता चिठ्ठीचा क्रमांक सांगावा.

या सवयी ऐन संकटात लागत नाहीत, त्यासाठी रंगीत तालीम हवी. पण आपल्याकडच्या तालमीत रुग्णवाहिका येते, स्ट्रेचर धावते, फोटो निघतो आणि सगळी व्यवस्था मोबाइलवरच होते. जे साधन आधी बंद पडणार, त्याच्याच भरवशावर केलेली तालीम म्हणजे पोहण्याचा सराव काठावर बसून करण्यासारखे आहे!

पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, मग हे हौशी कशाला, असे कोणी विचारील. ती यंत्रणा हवीच, पण तिच्यावर बंदोबस्ताचा आणि बचावाचा भार असतो. जखमींचे निरोप त्या रांगेत अडकू नयेत, एवढ्यासाठी हा जोडीचा मार्ग हवा.

माझी सूचना साधी आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एक दिवस मोबाइल बंद ठेवून तालीम घ्यावी. तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पुण्याकडचे हॅम यांनी तीत एकत्र उतरावे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय येऊ नये म्हणून तेथील शास्त्रज्ञांशी आधी बोलून घ्यावे. हॅमच्या परवान्याला वयाची 12 वर्षे पुरी असली की पुरते. जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या विद्यार्थ्यांनी ही परीक्षा जरूर द्यावी आणि शिक्षकांनी त्यांना उत्तेजन द्यावे.

लस आपण रोग येण्यापूर्वी टोचून घेतो. ही तालीमही तशीच, डोंगर सुटण्यापूर्वी करायची असते.