दिवसाला शंभर रुपये

बँकेत कारकून म्हणून चिकटल्याला मला आता वीसेक वर्षं होत आली. एवढ्या काळात लोकांनी खिडकीतून मला जे प्रश्न विचारले, त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा एकाच प्रश्नाचा आहे : ‘सायेब, पैसे आले का?’ वास्तविक मी साहेब नाही. साहेब आत केबिनमध्ये बसतात आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारू शकत नाही, म्हणून तर ते साहेब! आमच्या पालममध्ये हा प्रश्न हंगामाप्रमाणे वेष बदलतो. कधी पीकविम्याचे पैसे, कधी अतिवृष्टीच्या अनुदानाचे, कधी निराधारांचे. मात्र एक प्रश्न बारमाही आहे. ‘स्कॉलरशिप आली का?’

गेल्या फेब्रुवारीत एक मुलगी आली. लेंडीच्या पलीकडच्या गावची. म्हणजे नदीला पूर आला की जिथली वाटच बंद होते, त्या अंगाची. फार्मसीला शिकणारी. तिच्या मागे तिचे वडील, टोपी हातात घेऊन. (बँकेत टोपी का काढतात, हे मला आजवर कळलेलं नाही. देवळात ठीक आहे.) मुलगी म्हणाली, ‘‘सर, कॉलेजात सांगितलंय, बँकेची चूक आहे म्हणून पैसे अडकलेत. आधार सीडिंग बघा म्हणाले.’’

आता, आमच्या बँकेच्या चुका मी कधीच नाकारत नाही. निम्म्या तर माझ्याच हातच्या असतात. आधार आणि खात्याच्या बाबतीत तर भलतेच घोटाळे होतात. पोरं नवं सिमकार्ड घ्यायला जातात, दुकानदार दोनदा अंगठा लावून घेतो, सिमबरोबर एक खातंही उघडलं जातं, आणि सरकारचे पैसे त्या अज्ञात खात्यात जाऊन बसतात. त्यामुळे मी निमूटपणे तपासलं. सीडिंग झालेलं होतं, आमच्याच शाखेत, दीड वर्षापूर्वी. मग तिच्याच मोबाईलवर महाडीबीटी उघडलं. सप्टेंबरात भरलेला अर्ज. स्थिती : संस्थेच्या स्तरावर प्रलंबित.

ज्यांच्या घरात या वयाची मुलं नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यानं अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या कारकुनाच्या लॉगिनमध्ये जातो, तिथून प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना आजची नव्हे, १९४४ सालापासूनची आहे. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यापेक्षाही तीन वर्षांनी थोरली. आणि एवढ्या थोरल्या योजनेचा अर्ज पहिल्याच स्टेशनात पाच महिने उभा! इंजिन नाही, गार्ड नाही, आणि प्रवाशाला सांगायचं, तुझ्याच तिकिटात खोट आहे.

वडिलांनी तेवढ्यात विचारलं, ‘‘मंग फी कामून भरून घेतली वो सायेब?’’

कॉलेजनं (कुठलं ते विचारू नका, मला याच जिल्ह्यात दिवस काढायचेत) निम्मी फी आधी भरून घेतली होती. वीस हजार. नाहीतर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही म्हणाले. आल्यावर परत करू म्हणाले. त्या वीस हजारांसाठी या गृहस्थांनी शेकडा तीन रुपये महिन्यानं पैसे उचलले होते. मी बी.कॉम. आहे, मला गप्प बसवत नाही. महिन्याचे सहाशे, पाच महिन्यांचे तीन हजार. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असं सरकारच मान्य करतं, त्या घरानं कॉलेजच्या आळसाचं व्याज भरायचं. नियम काय सांगतो? अशा मुलांना आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, म्हणून फ्रीशिप कार्डाची सोय आहे. पण सोय कार्डात आणि पोर रांगेत!

कॉलेजातल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. तो आमच्याच जातकुळीचा. प्रवेश त्याच्याकडे, परीक्षा त्याच्याकडे, एस.टी.च्या पासांवर शिक्के त्याच्याकडे, संस्थापकांच्या वाढदिवसाचा फलकही त्याच्याकडे, आणि पगार असा की त्याच्याच मुलाला शिष्यवृत्ती लागावी. दोष आहे तो माणूस नेमण्याचा खर्च टाळणाऱ्या संस्थेचा. शिष्यवृत्तीची रक्कम ती हक्कानं जमेला धरते. अर्ज तपासण्याचं काम मात्र धर्मादाय! एखाद्या कंपनीनं असे हिशेब लिहिले, तर आमचे बी.कॉम.चे सर तिला नापास करायचे.

बरं, इतके कागद, इतके ओटीपी, इतके अंगठे आले कुठून? पोरांनी चोऱ्या केल्या म्हणून? महाराष्ट्रात शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांसाठी २०१६ साली विशेष तपास पथक नेमावं लागलं, ते संस्थांमुळे. २०२३ साली केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत १,५७२ संस्था तपासल्या तेव्हा ८३० बनावट किंवा बंद निघाल्या, आणि नुकसानीचा आकडा १४४ कोटींच्या वर गेला. प्रकरण सीबीआयकडे गेलं. त्याही संस्थाच. चोरी संस्थांची, आणि झडती मात्र लेंडीपलीकडून येणाऱ्या पोरीची. तिनं उत्पन्नाचा दाखला आणायचा. पण तुम्ही अर्ज किती दिवस दाबून ठेवलात, हा दाखला संस्थेकडे कोणी मागत नाही.

आमच्या सौ.चा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. (तो प्रत्येकाच्या सौ.ला असतोच.) त्याच्याकडून कळलं की तिकडे १९६५ च्या कायद्याप्रमाणे सरकारी मदतीचा पैसा घेण्याआधी कॉलेजला सरकारशी करार करावा लागतो, दर वर्षी त्याचं ऑडिट, आणि विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडून गेला तर न वापरलेल्या मदतीतला कॉलेजचा वाटा ४५ दिवसांत परत करण्याची जबाबदारी कॉलेजची. तिथं सगळे हरिश्चंद्र आहेत असं नव्हे. नोकऱ्यांचे खोटे आकडे दाखवल्याबद्दल कोरिंथियन नावाच्या कॉलेजांच्या साखळीला २०१५ साली तीन कोटी डॉलरचा दंड झाला आणि त्याच महिन्यात ती साखळी बंद पडली. दंड पोरांना नाही झाला, हे लक्षात घ्या.

पण अमेरिकेला कशाला जायचं? आमच्या बँकेतच बघा. ए.टी.एम.मधून नोट आली नाही आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती परत जमा करायची. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे. रिझर्व्ह बँकेचा हा २०१९ चा नियम. ग्राहकानं अर्जही करायला नको. तो नियम आला तेव्हा आम्ही खूप कुरकुर केली, आणि मग, काय आश्चर्य, यंत्रंही सुधारली आणि आम्हीही. माझं मागणं एवढंच आहे. तो नियम उचलून कॉलेजांना लावा. अर्ज पंधरा दिवसांत पुढं गेला नाही, तर दिवसाला शंभर रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात. या मुलीचे तेरा-चौदा हजार झाले असते. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कितीतरी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. त्यांचेही अर्ज याच लॉगिनमधून जाणार.

माझं हे भाषण ऐकून रांगेतल्या एका आजोबांनी ‘‘सायेब, पासबुक’’ एवढंच म्हटलं. मग मी मुलीला एक अर्ज लिहून दिला, कॉलेजच्या नावे, पोच घ्यायला सांगितलं आणि एक प्रत समाजकल्याणला पाठवायला लावली. पोचपावतीत काय जादू असते कोण जाणे, अर्ज चार दिवसांत पुढं सरकला.

मेमध्ये ती पुन्हा आली. पैसे आले होते. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. कॉलेजचा फोन पैसे आले त्याच संध्याकाळी गेला होता. हा नियम त्यांना तोंडपाठ.

‘‘आणि आधी भरलेले वीस हजार?’’ मी विचारलं.

‘‘ते नंतर बघू म्हणाले, सर.’’ तिनं पासबुक पुढं सरकवलं. ‘‘सात दिवसांत रविवार धरायचा का?’’